आजोबांची गरिबी आणखी किती पिढ्या पुरवणार?

‘आमच्या घरात कधी जात काढलीच नाही हो.’ हे आमच्या लोकांचं आवडतं वाक्य. आमचे लोक म्हणजे कोण तेही सांगून टाकते, नाहीतर अर्धे वाचक लेख सोडून माझ्या आडनावाचा अंदाज बांधत बसतील. मी कोकणस्थ ब्राह्मण, ठाण्यात वाढले, एका राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तर जात काढली नाही, हे अगदी खरं आहे. काढायची वेळच कुठे आली? डॉक्टर कोण, गाण्याच्या बाई कोण, वडिलांचे साहेब कोण, भावाच्या पहिल्या नोकरीच्या वेळी ‘जा, माझं नाव सांग’ म्हणणारे काका कोण, सगळा एकच गोतावळा. दुसरी जात दारात यायची ती सकाळी कचरा न्यायला. तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं, आणि त्यासाठी जात विचारावी लागत नव्हती.

जात काढावी लागते ती दुसऱ्यांना, आणि तीही सरकारी कचेरीत, रांगेत उभं राहून. अनुसूचित जातीच्या मुलाला राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. तो दाखला खरा आहे, असं आणखी एक प्रमाणपत्र जात पडताळणी समितीकडून आणावं लागतं. पुरावा कधीचा? अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. मग आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा, कोतवाल बुकातली नोंद काढा. ज्यांचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत, ज्यांचं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होतं, त्यांनी कुठल्या गावच्या कोतवालाला गाठायचं? माझ्या मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला आम्ही गुणपत्रिका जोडली, फोटो जोडले. जातीचा कागद एकही नाही. त्यामुळे आपल्याला जातच नाही, असा त्याचा प्रामाणिक समज झाला. जात असते ती फक्त ‘कॅटेगरीवाल्यांना’. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी नेमकं हेच मांडलंय: ‘जनरल’ नावाच्या रकान्यात बसलेल्यांना आपली जात विसरायची मुभा मिळाली, कारण तिचं सगळं उत्पन्न आधीच पदरात पडलेलं होतं.

हल्लीची मुलं ज्याला प्रिव्हिलेज म्हणतात ते मला याहून फार वेगळं दिसत नाही. काही प्रश्न आयुष्यभर आपल्याला कुणी विचारतच नाही, एवढंच ते असतं. आणि जे कधी विचारलंच गेलं नाही त्याची आठवण तरी कशी राहणार? म्हणून हा विषय काढला की आमच्याकडे लोक खरोखर गोंधळतात. गोंधळ संपला की आजोबा बाहेर येतात.

प्रत्येक ब्राह्मण घरात एक आजोबा असतात. ते अनवाणी चाललेले असतात आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मॅट्रिक झालेले असतात. माझेही होते. रत्नागिरीकडच्या खेड्यातून पुण्यात आले, सात घरी सात वार लावून जेवले, शिकले, सरकारी कचेरीत चिकटले. गणपतीत सगळे जमले की ही गोष्ट निदान एकदा व्हायचीच. शनिवारच्या घरचं ताक पाणचट असायचं, हा तपशीलसुद्धा कुणी गाळायचं नाही. गोष्ट खरी आहे. कष्टही खरे, उपासही खरे. पण त्या सात घरांची दारं उघडली कशी, हे त्या पंगतीत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. परक्या गावातला, ओळख ना पाळख, खिशात दमडी नसलेला पोरगा थेट आत येतो, पाटावर बसतो, आणि घरची बाई त्याला गरम भात वाढते. त्याची बुद्धी बघून वाढते म्हणावं, तर बुद्धी अजून सिद्ध व्हायची होती. तिने बघितलं ते गळ्यातलं जानवं. आजच्या भाषेत सांगायचं तर ती जातीवर आधारलेली मोफत भोजन योजना होती आणि तिच्यात शंभर टक्के आरक्षण होतं.

साधारण त्याच सुमाराची, १९०१ ची, दुसरी गोष्ट आहे. ती आंबेडकरांनीच लिहून ठेवलीय. लष्करातून निवृत्त झालेल्या सुभेदाराची मुलं साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. अंगावर नवे कपडे, पायांत नवे बूट, जवळ पैसे. मसूर स्टेशनावर उतरली. जात कळली आणि स्टेशनमास्तरचा सूर बदलला. दुप्पट भाडं कबूल करूनही गाडीवान त्यांची गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी दुप्पट पैसे मोजून पोरांनी बैलगाडी स्वतःच हाकली, गाडीवान शेजारून पायी चालला. रात्री जेवणाचा डबा जवळ होता, पण पाणी कुणी देईना, म्हणून ती न जेवताच झोपली.

खिशात दमडी नसलेल्या माझ्या आजोबांना जेवण मिळालं. खिशात पैसे असलेल्या भीमरावांना पाणी मिळालं नाही. ‘सगळा प्रश्न शेवटी आर्थिक आहे’ असं चहा ढवळत सांगणाऱ्यांनी ही दोन वाक्यं कागदावर लिहून पाकिटात ठेवावीत.

बाकीच्यांच्या मुलांना असे वार मिळणार नव्हते. त्यांच्यासाठी वसतिगृहं बांधावी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी ती काढली. साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातल्या पोरांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. आमच्या आजोबांच्या ताटासाठी कुणाला मंगळसूत्र मोडावं लागलं नाही. आणि त्याच्याही मागे जायची हौस असेल तर जाऊ. पेशव्यांच्या दक्षिणेचा जो पैसा उरला त्यातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झालं. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे फक्त ब्राह्मण मुलांना प्रवेश होता. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, नेहमीची फी भरायची तयारी दाखवली, तरी मुंबई सरकारने नाही म्हटलं. सरकार इंग्रजांचं होतं, पण भीती कुणाची होती? त्याला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील, याची. ती बाकीची मुलं म्हणजे आपले पणजोबा-खापरपणजोबा.

आता मला मेसेज येणार: आणि १९४८ चं काय? कूळकायद्याचं काय? येऊ देत, प्रश्न रास्त आहे. गांधीहत्येनंतर ज्यांची घरं जाळली गेली त्यांच्यातल्या बहुतेकांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता. तो अन्यायच होता आणि त्याच्यावर पांघरूण घालायचं मला कारण नाही. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कित्येक घरांच्या जमिनी गेल्या. त्यातल्या काही विधवांच्या होत्या, ज्यांना दुसरा आधार नव्हता. पण गाव सोडून निघालेली ही माणसं गेली कुठे? पुण्याला आतेकडे, दादरला चुलत्याकडे. हातात मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं, शहरात खोली देणारा नातेवाईक होता, कचेरीत शब्द टाकणारा ओळखीचा होता. गावातून हाकललेला मातंग कुठे जातो? घर जळलं तरी जे जळत नाही, ते आमच्याजवळ होतं. अन्याय झाला हेही खरं आणि हे जवळ होतं हेही खरं. एकाने दुसरं खोडून निघत नाही. आमच्या घरांत मात्र पहिलं सांगून दुसऱ्याची पावती फाडायचा प्रघात आहे.

एवढं सगळं कळण्यासारखं असूनही बोलणं का फिसकटतं? माझं मत असं, की आजोबांची गोष्ट हे आमच्या सुखवस्तूपणाचं खरेदीखत आहे. हे सगळं कष्टाने मिळवलं, कुणाचं काही घेतलं नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. प्रिव्हिलेजचा शब्द कुणी काढला की आम्हाला वाटतं, हा खरेदीखत खोटं ठरवायला आला. मग आवाज चढतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि ‘पण मी काय केलं?’ हा हुकमी प्रश्न येतो. अहो, तुम्ही केलंत असं म्हणतंय कोण? फ्लॅटच्या वारसनोंदीवर सही करताना ‘मी कुठे बांधलाय हा?’ असं तुम्ही विचारलं होतं का? घेताना वारस आणि हिशेब मागितला की त्रयस्थ, असं चालायचं नाही.

रडण्याने भागलं नाही तर दुसरं हत्यार आहेच. जातीचा विषय काढणाराच जातीयवादी! ‘कशाला जुनं उकरून काढता?’ हे वाक्य नेहमी ज्यांच्या पायाखाली ते पुरलेलं नाही तेच बोलतात. बँकेत आमच्या जेवणाच्या टेबलावर राखीव जागेवरच्या सहकाऱ्यांना ‘सरकारचे जावई’ म्हणायची पद्धत होती. अर्थात ते उठून गेल्यावर, कारण आम्ही सुसंस्कृत. जोशींच्या खात्यात चूक सापडली तर ‘आज जोशींचं लक्ष नाही.’ कांबळ्यांच्या खात्यात सापडली तर ‘बघा, म्हणून म्हणतो.’ म्हणून म्हणतो म्हणजे काय म्हणतो, ते कुणी पुरं करायचं नाही. करायची गरज नव्हती.

गुणवत्तेबद्दल आमचा जीव किती तुटतो! तो कधी तुटतो आणि कधी तुटत नाही, ते मात्र बघण्यासारखं आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघायला लागली. पैसे मोजा, जागा घ्या. कॅपिटेशन फी इतकी बोकाळली की १९८७ मध्ये तिच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. माझ्या नात्यातल्या तीन मुलांनी आई-वडिलांच्या पैशावर त्या काळात अशा जागा घेतल्या. आज एक ह्यूस्टनला आहे. तेव्हा गुणवत्तेचं काय झालं म्हणून ओळखीतल्या एकाही घरात चूल बंद राहिली नाही. ७ ऑगस्ट १९९० ला विश्वनाथ प्रताप सिंहांनी मंडल आयोग लागू करायची घोषणा केली आणि त्याच घरांतल्या आयांना एका रात्रीत देश बुडताना दिसला. २०२३ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची, म्हणजे नीट पीजीची, पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, सगळ्या प्रवर्गांसाठी. उणे गुण मिळवणाराही पात्र, कारण जागा रिकाम्या राहत होत्या आणि त्या जागांमध्ये खासगी कॉलेजांच्या लाखो रुपये फीच्या जागाही होत्या. ‘कोट्यातल्या डॉक्टरकडून ऑपरेशन करून घ्याल का?’ हा प्रश्न मला वर्षातून पाच वेळा विचारणाऱ्या गृहस्थांनी त्या वर्षी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

आणि मग आलं २०१९. एकशे तिसरी घटनादुरुस्ती झाली. आर्थिक दुर्बळांना दहा टक्के आरक्षण, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख. म्हणजे महिना सहासष्ट हजार मिळवणारा गरीब. एक अट अशी, की तो गरीब अनुसूचित जाती-जमातीतला किंवा ओबीसीतला नसावा. ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने हे तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरलं. ज्या दोघांना ते पटलं नाही त्यांत आपल्या कोकणातलेच सरन्यायाधीश उदय लळीत होते. सर्वांत गरीब असलेल्यांनाच बाहेर ठेवणारी गरिबांची योजना या दोघांना घटनेत बसणारी वाटली नाही. आमच्याकडे त्या निकालाबद्दल एक शब्दही बोलला गेला नाही. चाळीस वर्षं ‘आरक्षणाने देश मागे नेला’ सांगणारा माझा मावसभाऊ नातवाच्या ईडब्ल्यूएस दाखल्यासाठी तहसीलदार कचेरीत गेला आणि तिथे फार गर्दी असते म्हणून कुरकुरत परत आला.

यात फक्त आमचेच वाभाडे निघतायत असं समजून मराठा वाचकांनी फार खूश होऊ नये. दोन एकर कोरडवाहूवाल्याला प्रिव्हिलेज म्हटलं तर तो अंगावर येईल आणि त्याचं म्हणणं खोटं नसेल. शेती तोट्यात, पोरगा घरी बसलेला, कारखाना आणि कॉलेज मोजक्या घराण्यांच्या मुठीत. पण गावच्या स्मशानात कुणाचं मढं जाळू द्यायचं यावरून राडा होतो तेव्हा तो कुठल्या बाजूला उभा असतो, ते त्यानेच सांगावं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या. वस्त्या गावाच्या त्याच टोकाला आहेत.

खासगी नोकरीत तरी सगळं स्वच्छ, असं आमची मुलं शपथेवर सांगतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. दलित नावाला पुढच्या टप्प्यावर बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी निघाली. मुसलमान नावाला तर दोनतृतीयांशाने. त्याच वेळी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी पंचवीस कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून बघितलं. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं सगळे म्हणाले. आणि मुलाखतीत घरच्यांची चौकशी करतो, असंही म्हणाले. वडील काय करतात, कुठले तुम्ही, घरी कोण कोण असतं. मुलगी बघायला गेल्यावर हेच प्रश्न विचारतात ना?

लग्नाचं निघालंच आहे म्हणून. ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणणाऱ्या घरांच्या जाहिराती वाचा. ‘आंतरजातीय चालेल. एससी, एसटी क्षमस्व.’ काय ती नम्रता! अस्पृश्यता पाळायची आणि वर माफीही मागून मोकळं व्हायचं. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेर लग्न झालेल्या बायका शंभरात जेमतेम पाच निघाल्या.

हे सगळं इथेच टाकून विमानात बसलो म्हणणाऱ्यांचीही गंमत आहे. २०२० मध्ये अमेरिकेत काळ्या लोकांसाठी डीपी काळे करणारे आमचे भाचे-पुतणे त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला तेव्हा एकदम कायदेपंडित झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. तो ठराव मांडणारी नगरसेविका क्षमा सावंत, जन्म पुण्याचा, घर ब्राह्मणांचं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तिच्याबद्दल जे लिहून आलं ते इथे छापता यायचं नाही. गोऱ्याने काळ्याला काय दिलं नाही, हे आम्हाला सातासमुद्रापार स्वच्छ दिसतं.

उलट्या टोकाला नवी जमात तयार झालीय, कबुली देणाऱ्यांची. इन्स्टाग्रामवर स्वतःच्या नावाखाली ‘सवर्ण, शिकतोय’ लिहायचं, चर्चासत्रात पहिली पाच मिनिटं आपलं प्रिव्हिलेज मान्य करायचं, मग पुढची पन्नास मिनिटं माईक सोडायचा नाही. मला यांचा जास्त राग येतो. मावसभाऊ निदान भांडतो तरी! यांच्या पापक्षालनाचा श्रोता व्हायचं कामही पुन्हा दलितांनीच करायचं. कबुलीला पैसे पडत नाहीत. रिकामा फ्लॅट भाड्याने देताना दलालाला ‘फॅमिली आपल्यातलीच बघा’ असं न सांगण्याला पडतात. मुलीने कांबळे आडनावाचा मुलगा घरी आणला तर मामाला तोंड द्यायला पडतात. तिथे कितीजण टिकतात बघू.

होऊ घातलेल्या जनगणनेत, १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून, प्रत्येकाची जात नोंदली जाणार आहे. १९३१ नंतर जनगणनेत हे पहिल्यांदाच. स्वातंत्र्यानंतर फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या, आम्ही कधी मोजलेच गेलो नाही. कोण किती, कुणाकडे काय, हे आकड्यात दिसेल म्हणून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आतापासूनच टूम निघालीय, की प्रगणक आला की ‘जात: भारतीय’ असं सांगायचं. मंडळी, हा आगाऊपणा करू नका. तो बिचारा उन्हातान्हात पाच जिने चढून येईल. त्याला पाणी द्या, आणि जात सांगा, पोटजातीसकट, मुलाच्या लग्नाच्या जाहिरातीत सांगता तितकीच स्पष्ट.